विरळणी

पहाटे पावणेतीनला इरफान कोकणी
पडद्यावरून मान न वळवता म्हणतो,
"पुन्हा तेच. एक केल्व्हिन."
आणि थर्मासातला उरलेला चहा दोघांत ओततो.

अंबडच्या वसाहतीत, बंद पडलेल्या शीतगृहामागची ही खोली.
पोलादी भांड्याच्या काचेआड
ज्वारीच्या दाण्याएवढा निळा ढग.
स्ट्रॉन्शियम. दिवाळीच्या लाल फटाक्यात असतं तेच,
इथे सहा बाजूंनी लेझर लावून
एका अंशाच्या हजाराव्या भागावर निजवलेलं.

मग आम्ही एवढंच करतो,
अणूंकडून एकेक इलेक्ट्रॉन सोडवून घेतो.
अलगद. झोपल्या पोराच्या हातातलं खेळणं काढावं तसं.
तरी ते तापतात,
पापणी लवते तेवढ्यात लाखदा घडून जाईल
इतक्या झटकन, हजारपट तापतात.

सहा महिने मी गळती शोधली.
आरसे पुसले, पंप बदलला,
रस्त्यावरच्या कंटेनरांच्या हादऱ्याला शिव्या घातल्या.
शेवटी बोरस्ते मॅडम म्हणाल्या,
"अगं, बाहेरून काहीच येत नाहीये.
जो जिथे होता तिथेच उभा राहिला,
कुणी कुणाला खेटून, कुणी चार हात लांब.
कालपर्यंत शेजार जाणवत नव्हता,
आज अंगावर भार आला
आणि जवळचा नकोसा झाला."

म्हणजे विस्तव नाही, ठिणगी नाही,
नुसत्या उभं राहण्यातच
ताप.

त्याच रात्री उगावहून दादाचा फोन.
कुंदेवाडीला पारा साडेचारवर,
बागेत ओळीओळीनं शेकोट्या,
ओला पाचोळा, धूर, खोकला.
"तुझं यंत्र गार करतं ना? मग उलटं चालव
आणि इकडे घेऊन ये."
मी हसले. तो नाही हसला.

रविवारी गेले. उशिरा छाटलेल्या तुकड्यात
विरळणी चालू होती.
पेठकडून आलेल्या बायका, कानांना रुमाल बांधलेल्या,
वर बघून बघून मान अवघडलेल्या.
सावळी भोये एका घडाशी थांबली,
कात्रीचं टोक आत घालून
कट. कट. दोन राखून एक. कधी एक राखून दोन.
मी म्हटलं, अजून केवढे बारीक आहेत,
भरपूर जागा आहे की.
ती म्हणाली, "आता हाय.
फुगल्यावर भांडतील, एकमेकाला चिरडतील, सडतील.
भांडणाच्या आधी जागा द्यायची असती, बाई.
नंतर काय देणार?"

मी परतीच्या बसमध्ये तिकिटाच्या मागे आकडेमोड केली.
ओझरला उतरणाऱ्या माणसाचं कोपर लागत होतं सारखं.

तर आता असं करतो,
भार येण्याआधी एक अणू फुगवायचा.
तो एवढा फुगतो की त्याच्या घेरात
दुसरा कुणी उठूच शकत नाही.
मग घेराबाहेरचा एखादा. मग त्याच्याही पलीकडचा.
मोजपट्टी न लावता ढगात अंतरं पडत जातात.
आणि जे उठले, तेवढ्यांचेच इलेक्ट्रॉन सोडवायचे.

काल पहाटे इरफाननं मान वळवली.
"अर्ध्याच्या जरासं वर."
शून्य नाही. शून्याच्या जवळपासही नाही.
इलेक्ट्रॉन वेगळेच तापतात,
त्यांचं काय करायचं ते मॅडमनाही ठाऊक नाही.
पण अर्ध्याच्या जरासं वर.
आम्ही चहा सांडला थोडा.

सावळीला सांगायला फोन केला, दादाच्या मोबाइलवर.
तिनं सगळं ऐकून घेतलं,
मागे कुणाची तरी कात्री चालूच होती.
मग विचारलं,
"आन् खाली पडतात त्यांचं काय करता तुम्ही?
आमच्या तर पायाखाली येतात दिवसभर.
हिरवे, गार. चावले तर दात आंबतात."

म्हटलं, आमच्याकडे ते
दिसत नाहीत.

"हां," ती म्हणाली,
आणि फोन दादाकडे दिला.